एक खोली रोज रिकामी ठेवशील का?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र, घराचा हाताने काढलेला नकाशा आणि मागच्या पानावर मांडलेला हिशेब, सगळं नीट पाहिलं. आजोबांचं घर विकायचं नाही असं तुम्ही भावंडांनी एकमताने ठरवलंत, याचा फार आनंद झाला. मिशन हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर, खाली चार खोल्या, वर दोन स्वतंत्र ब्लॉक, वर जायला बाहेरून जिना आणि मागे आडासकट अंगण. मिरजेत असं घर आता शोधूनही मिळत नाही.

खालच्या खोल्या पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांना रोजाने द्यायच्या, की सगळंच घर अकरा महिन्यांच्या कराराने देऊन मोकळं व्हायचं, असं तू विचारलंस. बाबा कराराच्या बाजूचे, तुझा जीव पेशंटकडे ओढतो. मी स्वतः पेशंटसाठी अशा खोल्या देत आले, तेव्हा माझं मत आधी सांगून टाकते. वरचे दोन्ही ब्लॉक कराराने दे. खालच्या खोल्या पेशंटसाठी ठेव, पण एका अटीवर: त्यातली एक खोली रोज संध्याकाळी रिकामी ठेवायची तुझी तयारी हवी. ती नसेल तर बाबांचं ऐक. त्यात कमीपणा काही नाही.

असं का म्हणते ते सांगते. रात्री अडीच वाजता अथणीहून किंवा जतहून ॲम्ब्युलन्स येते. पेशंट आत जातो. आयसीयूबाहेर एकाच माणसाला थांबू देतात. उरलेल्या दोन बायका, एक म्हातारा आणि झोपेत चालणारं एखादं पोर बाहेर पायरीवर उभं राहतं. त्यांना खोली त्या वेळी हवी असते. तुझ्या चारही खोल्या भरलेल्या असतील तर त्या रात्री तुझ्या गेस्टहाउसचा त्यांना काही उपयोग नाही, बाहेर पाटी कितीही मोठी असू दे. कराराने घर देणारा भरलेल्या खोलीवर कमावतो. तातडीचा मुक्काम देणाऱ्याची खरी वस्तू रिकामी खोली आहे. ती दवाखान्यातल्या भरून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरसारखी असते, आज लागली नाही म्हणून वाया गेली असं म्हणता येत नाही. संध्याकाळी सहाला कोणी लग्नाचं वऱ्हाड घेऊन आलं आणि चारही खोल्यांचे दुप्पट पैसे रोख पुढे ठेवले, तरी तीनच द्यायच्या. हे महिन्यातून एकदा जमतं. रोज जमतं का, हे तू स्वतःला विचार.

आता तुझा हिशेब. चार खोल्या, रोजचे पाचशे रुपये, महिन्याचे तीस दिवस, म्हणून साठ हजार, असं तू लिहिलंस. हा आकडा खोडून टाक. एक खोली बाजूला काढली. उरलेल्या तीन खोल्या महिन्यातून सरासरी वीस वीस रात्री भरल्या असं धर. तीस हजार झाले. त्यातून रात्रीच्या माणसाचा पगार, झाडलोट आणि धुणं करणाऱ्या बाईंचा पगार, चादरी, गॅस, व्यापारी दराने येणारं विजेचं बिल, उन्हाळ्यात टँकर, वर्षातून एकदा रंग आणि सदोदित गळणारे नळ. निम्म्याहून जास्त रक्कम त्यातच जाईल. हातात बारा-तेरा हजार राहिले तरी चांगलं चाललं म्हण. त्याच चार खोल्या दोन-दोन करून सात-सात हजारांनी कराराने दिल्यास तर चौदा हजार घरबसल्या येतील. वर भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्चाची एक पावतीसुद्धा दाखवावी लागत नाही. गेस्टहाउसची कमाई धंद्याची धरली जाते, तिथे प्रत्येक पावती जपून ठेवावी लागते. म्हणजे पैशाच्या बाजूने बाबांचंच बरोबर आहे आणि ते तू मान्य करून टाक. पेशंटच्या खोल्या जास्त पैसे देतात असं कोणी सांगत असेल, तर तो एक तर रिकामी खोली ठेवत नाही, नाहीतर अडलेल्याकडून जास्त घेतो.

मग करायचंच कशाला? कारण या गावाला त्याची गरज आहे आणि ती आजची नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून लोक इथे बैलगाडीने पेशंट घेऊन येत आले. पुढे १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, मग खासगी दवाखाने, कॅन्सरचं हॉस्पिटल, आणि सांगली रस्त्याला तर दर चार इमारतींमागे एक दवाखाना. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारही बाजूंच्या गाड्या मिरज जंक्शनला मिळतात. सोलापूर, विजापूर, बागलकोट, जमखंडीपर्यंतची माणसं इथे येतात. महात्मा फुले योजनेत ज्याचं ऑपरेशन बसतं त्याचा उपचाराचा खर्च निघतो, पण बरोबर आलेल्या चार माणसांनी झोपायचं कुठे याची सोय कुठल्याच योजनेत नाही. ती माणसं वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकतात. पावसाळ्यात त्या व्हरांड्याची काय अवस्था होते ते तू जाऊन बघ. एक रात्र बघ. मग पुढचं ठरव.

मुक्कामाचे प्रकार समजून घेतल्याशिवाय दर ठरवू नकोस. एक रात्रीचा मुक्काम अपघाताचा, बाळंतपणाचा, हार्टचा. ही माणसं हातात पिशवी नसताना येतात. आठ-दहा दिवसांचा मुक्काम ऑपरेशनचा. हे लोक ठरवून येतात, भांडी आणि पीठ बांधून आणतात आणि डिस्चार्जची तारीख पुढे सरकली की कासावीस होतात, कारण गावाकडे जनावरं शेजाऱ्यावर सोपवलेली असतात. आणि तिसरा मुक्काम, जो तुझ्या हिशेबात कुठेच नाही, तो रेडिएशनचा. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, मशिनखाली काही मिनिटं, आणि असं पाच ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. त्या काही मिनिटांसाठी रोज सांगोल्याहून ये-जा होत नाही. अंगात त्राण राहत नाही. हॉस्पिटल ॲडमिट करून घेत नाही, कारण तशी गरज नसते. लॉजला सहा आठवडे परवडत नाहीत. सहा आठवड्यांसाठी कराराने घर कोणी देत नाही.

या माणसांना मिरजेत जागा सहज मिळत नाही, आणि तुझ्या घराचं खरं काम इथे आहे. चारातल्या दोन खोल्या यांना दे. आठवड्याचा दर लाव, रोजच्या दराने सात दिवसांचे जेवढे होतील त्याच्या साधारण दोन तृतीयांश. शनिवार-रविवारी ती गावाला गेली तरी खोली त्यांचीच राहू दे, सामान हलवायला लावू नकोस. या दोन खोल्यांमुळे तुझा महिन्याचा ठरावीक खर्च निघेल. तिसरी खोली ऑपरेशनवाल्यांची. चौथी रात्रीची. असं वाटून घेतलंस तर रिकाम्या खोलीचा भार सोसवतो. मीही अशीच वाटणी करत आले.

आता खोलीबद्दल, कारण पुण्यातली गेस्टहाउसं बघून तू टीव्ही आणि पडद्यांचा विचार करत असशील. टीव्ही नको. पलंग उंच हवा, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि उठताना गुडघ्यावर जोर येणार नाही इतका. गादीवर रेक्झिनचं कव्हर, त्यावर सुती चादर. केमोचा पेशंट रात्री उठायच्या आत उलटी करतो आणि मग घरचे ओशाळून स्वतःच चादर धुवायला बसतात. पलंगाखाली झाकणाचं टमरेल आणि उशाशी जादा चादर आधीच ठेवलेली असली की त्यांना तुला हाक मारावी लागत नाही. लाज वाचते. मच्छरदाणी हवीच. उदबत्ती, कॉइल, वासाचं फिनाइल यातलं काही नको, वासाने त्यांना मळमळतं. चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, पावसाळ्यात इस्त्री करायची, दमट चादर कधीही घालायची नाही. केमो चालू असलेल्या माणसाच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद कमी असते, म्हणून त्यांच्या खोलीचा झाडू आणि पोछा वेगळा ठेव. संडासात भिंतीला धरायला दांडी आणि आतून कडीऐवजी असं लॉक की जे बाहेरून उघडता येईल. आत कोणी चक्कर येऊन पडलं तर दार फोडत बसायची वेळ येऊ नये.

स्वयंपाकघराला काटकसर करू नकोस. मागच्या पडवीत दोन शेगड्या, एक मोठा तवा, दोन कुकर, आणि नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेले डबे ठेवायला एक फ्रीज. इन्सुलिन ठेवायला फ्रीजच्या दारातला वरचा कप्पा राखून ठेव. कोणी पेज करतं, कोणी ज्वारीची भाकरी, कोणी मुगाचं पातळ वरण. पहाटे चारला बंब पेटलेला हवा, कारण ऑपरेशनच्या दिवशी पेशंटला लवकर आंघोळ घालून न्यायचं असतं. या पडवीत माणसं एकमेकांना जेवढं सांगतात तेवढं कुठल्याही चौकशीच्या खिडकीवर कळत नाही: कुठला कागद कुठे सही करून आणायचा, रक्त कुठल्या पेढीत मिळतं, कोणाच्या खाणावळीतलं जेवण तिखट नसतं. जत आणि चडचणच्या बायका तिथे तासाभरात मैत्रिणी होतात. दोन-चार वाक्यं कन्नड शीक. ‘ऊटा आयता?’, म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारलंस तरी घाबरलेल्या म्हातारीचा चेहरा बदलतो. ‘बिसी नीरु’ म्हणजे गरम पाणी, हे तर पहिल्या दिवसापासून लागेल.

रात्रीचा माणूस हा सगळ्यांत मोठा प्रश्न. तू स्वतः रोज रात्री जागू शकत नाहीस आणि जागूही नकोस. दोन महिन्यांत चिडचिड सुरू होते आणि ती चिडचिड नेमकी अशा माणसावर निघते, ज्याच्या घरातलं कोणी आत व्हेंटिलेटरवर आहे. एखादा निवृत्त वॉर्डबॉय किंवा कंपाउंडर बघ. शिकलेला असण्यापेक्षा शांत असणं महत्त्वाचं. त्याला दोन गोष्टी सांगून ठेव. दार उघडल्यावर आधी पाणी, मग खोली, मग नावगाव. आणि पैशाचा विषय सकाळी. ओळखपत्राचा फोटो मात्र रात्रीच घ्यायचा आणि रजिस्टरमध्ये नोंद रात्रीच करायची, तिथे दयामाया नको. कोण आलं, कुठून आलं, कोणत्या दवाखान्यात पेशंट आहे, घरचा दुसरा फोन नंबर. पोलिसांनी विचारलं तर रजिस्टर पुढे करता आलं पाहिजे. आणि उद्या दवाखान्यातून पहाटे निरोप आला तर कोणाला उठवायचं हे त्या रजिस्टरवरूनच कळतं. मिरजेत सतार आणि तानपुरे घ्यायला परदेशी माणसंही येतात. त्यातलं कोणी तुझ्याकडे उतरलं, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, हे ध्यानात असू दे.

आडनाव विचारून खोली द्यायची की नाही ते ठरवणारी माणसं तुला भेटतील आणि ‘आपल्या’ लोकांनाच ठेवण्याचा शहाणपणाचा सल्लाही देतील. ऐकू नकोस. मिरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीसाठी गाणं होतं आणि सगळं गाव ऐकायला बसतं, त्या गावात रात्री तीनला कोणाची जात-धर्म बघून दार लावायचं असेल तर ते घर आधीच विकलेलं बरं. पडवीत मांसाहार शिजवायचा की नाही याचा नियम तू कर, तो सगळ्यांना सारखा लाव आणि भिंतीवर लिहून ठेव.

कमिशनचं मात्र पहिल्या आठवड्यातच येऊन थडकेल. स्टँडवरचा रिक्षावाला, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, कधी दवाखान्यातलं एखादं माणूस येऊन म्हणेल, पेशंट पाठवतो, खोलीमागे शंभर द्या. देऊ नकोस. एकदा दिलेस की ते शंभर कोणाच्या तरी बिलात घालावे लागतात, आणि ते कोणाच्या बिलात जातात ते तुला माहीत आहे. तू स्वतः दवाखान्यांतल्या समाजसेवा अधीक्षकांना भेट, वॉर्डातल्या सिस्टरना भेट, एक साधा कागद दे: पत्ता, फोन, दर, काय मिळतं, काय मिळत नाही. सुरुवातीला दोन-तीन महिने खोल्या रिकाम्या राहतील. मग एक सिस्टर एकाला पाठवेल आणि तो गावी जाऊन दहा जणांना सांगेल. खेड्यातून आलेला माणूस इंटरनेटवर खोली शोधत नाही, गावातल्या आधीच्या पेशंटला विचारतो.

एक अवघड गोष्ट लिहून ठेवते, कारण ती तुला कोणी सांगणार नाही. तुझ्याकडे उतरलेल्या काहींचा पेशंट जगणार नाही. बातमी बहुतेक पहाटे येते. त्या वेळी घरात मोठ्याने रडणं होतं आणि शेजारच्या खोलीत उद्या ऑपरेशन असलेला माणूस ते ऐकत असतो. दोघांकडेही बघावं लागतं. एकाला गेलेल्यांच्या नातेवाइकांजवळ बसव, तू शेजारच्या खोलीत जाऊन चहा दे आणि काय झालं ते सरळ सांग. लपवू नकोस, लपवलं की ते जास्त घाबरतात. गेलेल्यांच्या माणसांकडून त्या दिवसाचे पैसे घेऊ नकोस. त्यांचं सामान त्यांना आवरायला लावू नकोस, आपण बांधून गाडीत ठेवायचं, औषधांची पिशवी वेगळी. बिलं, रिपोर्ट, आधार कार्ड एका पाकिटात घालून घरातल्या शहाण्या माणसाच्या हातात द्यायचं, कारण मृत्यूच्या दाखल्यासाठी आणि पुढच्या कामांसाठी ते कागद लागतात आणि त्या गोंधळात हमखास हरवतात.

पुराचं वेगळं सांगते. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा कृष्णेने सांगलीत पाणी घातलं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे आपल्याकडच्या लहान पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मिरजेचा बराचसा भाग उंचावर, म्हणून सांगलीची माणसं इकडे येतात. तो मुक्काम दवाखान्यासारखा नसतो. कधी परत जायचं ते कोणालाच माहीत नसतं, पाणी ओसरल्यावरही घरातला चिखल निघेपर्यंत राहावं लागतं, आणि बरोबर म्हातारी माणसं आणि कुत्री-मांजरं असतात. तेव्हा तीन नियम. दर एक रुपयानेही वाढवायचा नाही; पुरात कोणी किती घेतले हे या दोन गावांत वीस वर्षं लक्षात राहतं. रेडिएशनच्या पेशंटना त्यांच्या खोलीतून हलवायचं नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी. आणि जुलै उजाडायच्या आत आड उपसून, पाणी तपासून घ्यायचं. जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी गावासाठी उपसणाऱ्या विहिरी, पाण्याखाली गेल्या की नळ बंद होतात, सगळीकडे पाणीच पाणी असून प्यायला थेंब मिळत नाही. तुझ्याकडे आड आहे, ही त्या आठवड्यात फार मोठी गोष्ट ठरेल. ज्यांना परवडत नाही त्यांना शाळांमध्ये उघडलेल्या निवारा केंद्राचा रस्ता दाखव, आणि अंगणात चूल मांडून देता आली तर दे.

वरच्या ब्लॉकबद्दल थोडक्यात, कारण तिथे नियम ठरलेले आहेत आणि ते पाळले की झोप लागते. भाडेकरू एकदा बसला की उठत नाही ही बाबांची भीती जुन्या कायद्याच्या काळातली आहे, त्यांनी आजूबाजूला तसे वाडे अडकलेले बघितले आहेत. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार केलास तर मुदत संपल्यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मागता येते, आणि मुदतीनंतर बसून राहिलेल्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. पण त्यासाठी कागद पक्का हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणी घरमालकाची जबाबदारी आहे, करार अकरा महिन्यांचा असो की सहाचा. नोंदणी केली नाहीस आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क कराराच्या पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का, त्यात अनामत रकमेवरच्या १० टक्के व्याजाचा हिशेब मिळवायचा, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. अंगठा देऊन ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची. ओळखीचा आहे, नात्यातला आहे म्हणून यातलं काही सोडू नकोस.

वरती शक्यतो नर्सिंगच्या मुली किंवा मेडिकल कॉलेजचे निवासी डॉक्टर ठेव. त्यांच्या ड्युट्या वेड्यावाकड्या असतात, पण रात्री खाली गडबड झाली तर ती माणसं तक्रार करत नाहीत, उलट खाली येतात. मात्र त्यांना फुकटात राबवू नकोस. एखादी सिस्टर बारा तासांची ड्युटी करून आली असेल आणि तू तिला खालच्या पेशंटचं सलाइन बघायला बोलावलंस, तर तिसऱ्या वेळी ती घर बदलेल. वरचं पाणी आणि वीज स्वतंत्र मीटरवर घे. दोन मजल्यांचे पैसे एका डब्यात टाकू नकोस, दोन वह्या ठेव. वरचं भाडं खालच्या तुटीला किती वेळा लागलं हे वर्षाअखेरीस डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

खालच्या मजल्यावर कोणाचाही मुक्काम दोन महिन्यांच्या वर जाऊ देऊ नकोस. उपचारच लांबला तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी बघून वाढव. पण पेशंट बरा होऊन गेल्यावर मुलाला इथेच नोकरी लागली, आता खोली त्यालाच द्या, असं म्हणणारे भेटतात. माणसं चांगली असतात, पैसेही वेळेवर देतात आणि नाही म्हणायला जड जातं. तरी नाही म्हण. तशा एका माणसाने खोली धरली की रेडिएशनची पाच-सात कुटुंबं वर्षभरात परत जातात आणि ती कोण होती हे तुला कधी कळतही नाही. पावतीवर नेहमी तारखा आणि रोजचा किंवा आठवड्याचा दर लिहायचा, महिन्याचं भाडं म्हणून काही घ्यायचं नाही. राहत्या पत्त्याचा दाखला द्यायचा नाही, अगदी गॅस कनेक्शनसाठीसुद्धा.

सुरू करायच्या आधी महापालिकेत आणि पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन कुठले परवाने लागतात ते लेखी विचार. अग्निशमनवाल्यांना घर दाखव. पडवीतल्या गॅसच्या जागेबद्दल ते काही सुचवतील, ते कर. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी लागणार नाही, आणि चार खोल्यांत तू त्याच्या जवळपासही जाणार नाहीस. महावितरणकडे खालचं मीटर व्यापारी करून घे. घरगुती मीटरवर चालवू असं कोणी सुचवेल, त्याला नमस्कार कर.

बाबांना हे पत्र वाचायला दे. त्यांची काळजी खोटी नाही. त्यांना सांग की वरचे करार आधी होतील, ते भाडं तीन महिने हातात जमू दे आणि मगच खालच्या खोल्या उघडू. त्या तीन महिन्यांत तू रोज दोन तास सिव्हिलच्या आवारात जाऊन बस. काय मागतात, कशावर अडतात, किती देऊ शकतात हे ऐक. पाचशे हा आकडा तू पुण्यात बसून लिहिलास, तो तिथे बसून पुन्हा ठरव. मला तो थोडा जास्त वाटतो.

आणि खालच्या बाथरूमच्या दाराचं माप घेऊन कळव. नकाशात ते चोवीस इंच दिसतंय. व्हीलचेअर आत जायला बत्तीस तरी लागतात. गवंडी बोलवायच्या आधी मला फोन कर, ती भिंत आडाच्या बाजूची असेल तर तिकडून फोडायची नाही.

तुझी,
काकू